‘लिबर्टी’ दाखवायचा तर दोन्ही रिळे दाखवा

प्रति,
मा. संपादक,

विषय : लॉरेल-हार्डी यांचा ‘लिबर्टी’ हा मूकपट आणि त्याची होणारी काटछाट

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत मूकपटांतील विनोदावर आलेला लेख आवडीने वाचला. शंभरेक वर्षांपूर्वीच्या चित्रपटांसाठी मराठी दैनिक पानभर जागा देते, याबद्दल सर्वप्रथम आपले मनापासून आभार. त्या लेखातील एका उल्लेखाबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. लॉरेल आणि हार्डी, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांचे लाडके जाड्या-रड्या, यांच्या ‘लिबर्टी’ या १९२९ सालच्या लघुपटाची ओळख लेखात ‘उंच इमारतीवरची कसरत’ एवढ्या तीन शब्दांत उरकली आहे. हा समज एका लेखापुरता असता तर मी पत्र लिहिण्याचा खटाटोप केला नसता. मोबाइलवर या चित्रपटाचे जे तुकडे फिरतात, त्यांतही लोखंडी तुळयांवरचे प्रसंगच तेवढे असतात. काही दिवसांपूर्वी आमच्या शहरातील एका संस्थेने मुलांसाठी मूकपटांचा कार्यक्रम ठेवला होता. तिथेही ‘वेळेअभावी’ पहिला भाग गाळून थेट इमारतीपासून सुरुवात केली गेली. मुले हसली, पण जिथे सभागृह दणाणून जायला हवे होते त्या जागी गप्प राहिली. त्यात मुलांचा काही दोष नव्हता. त्या हशाची पेरणी ज्या दृश्यांत झाली आहे, ती दृश्ये त्यांना दाखवलीच गेली नव्हती.

‘लिबर्टी’ हा मुळात दोन पँटींच्या अदलाबदलीचा चित्रपट आहे आणि इमारत हे त्या अदलाबदलीचे शेवटचे ठिकाण आहे. तुरुंगातून पळालेले दोन कैदी, त्यांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, पाठीवर पहारेकरी, अशी कथेची सुरुवात होते. साथीदारांनी आणलेल्या मोटारीत दोघे धावत्या गाडीतच साधे कपडे चढवतात आणि या घाईगर्दीत एकाची पँट दुसऱ्याच्या पायांत जाते. गाडीतून उतरल्यावर त्यांच्या ध्यानात येते, की किरकोळ अंगाच्या स्टॅनच्या (म्हणजे लॉरेलच्या) कमरेला ऑलीची (म्हणजे हार्डीची) घेरदार पँट लोंबते आहे आणि ऑलीला स्टॅनची पँट पुरती आवळते आहे. पुढच्या सगळ्या खटाटोपाचे कारण एवढेच आहे. या दोघांना पैसा नको, सूड नको, कोणाची मनधरणी करायची नाही. आडोसा मिळेल अशी एखादी जागा आणि मिनिटभराची उसंत त्यांना हवी आहे, आणि भल्या दिवसाढवळ्या, माणसांनी भरलेल्या लॉस एंजेलिस शहरात नेमकी तीच मिळत नाही.

चित्रपटाच्या आरंभी वॉशिंग्टन, लिंकन आणि पहिल्या महायुद्धातील सेनानी पर्शिंग यांचे दर्शन घडते आणि स्वातंत्र्यासाठी झालेल्या मोठ्या लढ्यांची आठवण करून दिली जाते. लगेच पडद्यावर हे दोन पळपुटे कैदी येतात. आरंभीचा हा भाग अनेक जण अनावश्यक समजून कापतात. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तुरुंगाच्या भिंतीबाहेर पडल्याने या दोघांची सुटका झालेली नाही, हे त्याच्यामुळे आधीच सुचवले जाते. कैद्याचा वेष उतरवला तरी चारचौघांसारखे दिसल्याशिवाय त्यांना चारचौघांत वावरता येणार नाही, आणि चारचौघांसारखे दिसायचे तर ज्याची पँट त्याच्या अंगावर असायला हवी.

आता हा विनोद रचला कसा आहे ते पाहावे. पहिल्यांदा दोघे एका बोळात शिरून पट्ट्याला हात घालतात, तोच कोणाची तरी नजर पडते आणि आरडाओरड होते. मग खोक्यांच्या आड जातात, तिथेही तेच. मग उभ्या असलेल्या एका टॅक्सीच्या मागच्या आसनाचा आसरा घेतात. एक जोडपे त्याच टॅक्सीकडे येते, दार उघडले जाते आणि आत हे दोघे अर्ध्या कपड्यांत! त्या जोडप्यातील तरुणी म्हणजे जीन हार्लो. पुढे सगळ्या जगाला ठाऊक झालेली ही अभिनेत्री तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती आणि तिचे नाव कोणाला माहीत नव्हते. प्रत्येक खेपेला पाहणारा माणूस बदलतो, जागा बदलते, पण पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा धक्का तोच राहतो. दोन प्रौढ पुरुष अडोशाला उभे राहून घाईघाईने पँटी का सोडत असतील, याचा पाहणारा जो काही अर्थ लावतो तो त्याच्या चेहऱ्यावरच उमटतो. त्यासाठी पडद्यावर एकही पाटी झळकत नाही. या दोघांना मात्र आपण काही गैर करत आहोत याची कल्पनाही नाही. ऑली आपला अपमान गिळून टाय सारखा करतो, हॅट नीट बसवतो आणि थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, असे पाहतो की जणू या साऱ्या जगात त्याची बाजू समजून घेणारे आपण एकटेच उरलो आहोत. स्टॅन तोंड वाकडे करून, आता पुढे काय, अशा नजरेने त्याच्याकडे पाहत राहतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर दिग्दर्शकाला काही विशेष दाखवावेच लागत नाही. पट्ट्याकडे हात गेला की प्रेक्षागृहात खसखस पिकते. एकाच कृतीच्या पुनरावृत्तीतून प्रेक्षकाला असे तयार करत नेणे, हे या चित्रपटाचे खरे कसब आहे, आणि ते दोन-चार मिनिटांच्या तुकड्यात मावणे अशक्य आहे.

यानंतर येतो तो खेकडा. मासळीच्या दुकानाबाहेर पुन्हा एकदा अदलाबदलीचा प्रयत्न चालू असताना एक जिवंत खेकडा स्टॅनने घातलेल्या पँटीत पडतो. त्याला याचा पत्ता नाही, आपल्याला आहे. रस्त्याने चालता चालता तो एकदम उडी मारतो, कंबर झटकतो, वेडावाकडा होतो, आणि सोबत चाललेल्या ऑलीला या चाळ्यांचे कारण कळत नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या विकणाऱ्या दुकानाबाहेर तर स्टॅनच्या या उड्यांपायी तबकड्यांचा चुराडा होतो. तो दुकानदार म्हणजे जेम्स फिनलेसन. एक डोळा बारीक करून आणि मिशा फेंदारून संतापावे ते याच गृहस्थाने. आवाज बंद ठेवून पाहिले, तरी फिनलेसनच्या चेहऱ्याकडे नजर गेली की फुटणाऱ्या तबकड्यांचा आवाज ऐकल्यासारखा वाटतो.

संपादक महोदय, माझ्या तक्रारीचे मूळ या खेकड्यातच आहे. तो स्टॅनने घातलेल्या पँटीत पडला खरा, पण ती पँट आहे ऑलीची. धावपळीत आपण हे विसरून जातो. पोलिसाला चुकवत दोघे एका बांधकामाच्या लिफ्टमध्ये शिरतात, लिफ्ट त्यांना वर घेऊन जाते आणि अर्धवट उभारलेल्या इमारतीच्या उघड्या सांगाड्यावर, जिथे खरोखरच कोणी पाहणारे नाही, तिथे एकदाची पँटींची अदलाबदल पार पडते. ज्याची वस्तू त्याला मिळाली, सगळे रीतसर झाले, असे आपल्याला वाटते न वाटते तोच शेकडो फुटांवरच्या तुळईवर उभ्या असलेल्या ऑलीला खेकडा चावतो. आपली हक्काची पँट परत मिळवताना त्याने खेकडाही परत मिळवलेला असतो. ज्याने पहिला भाग पाहिला आहे त्याला हे क्षणार्धात उमगते आणि भीती व हसू एकदमच उसळून येते. ज्याला इमारतीपासूनच चित्रपट दाखवला, त्याच्यापुढे एक जाडा माणूस विनाकारण दचकतो आहे, एवढेच उरते. आमच्या शहरातील मुले नेमकी याच जागी गप्प बसली होती.

उंचीवरच्या विनोदाचा मान मूकपटांतील विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड यांच्या १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’कडे जातो आणि तो रास्तच आहे. परंतु आपल्या लेखात या दोन चित्रपटांची केलेली तुलना मला पटत नाही. लॉइडचा नायक नाव आणि पैसा कमावण्यासाठी भिंत चढतो. चढणे हेच त्याचे ध्येय आहे, आणि म्हणून प्रत्येक मजल्याबरोबर त्याच्याविषयीचे आपले कौतुक वाढत जाते. या दोघांना मुळात वर जायचेच नव्हते. त्यांची गरज जमिनीवरचीच होती आणि ती जमिनीवर भागू दिली गेली नाही. तुळईवर पालथे पडून सरपटणारा स्टॅन किंवा त्याला घट्ट कवटाळून बसलेला ऑली यांचे आपल्याला कौतुक वाटत नाही, त्यांची दया येते, आणि या विनोदाला जी माया आहे ती या दयेतून आली आहे.

या दृश्यांचे चित्रीकरण कसे झाले हेही सांगायला हवे, कारण हल्लीच्या मुलांना ते सारे संगणकावरचे वाटते. लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतील ब्रॉडवे रस्त्यावर वेस्टर्न कॉस्च्युम कंपनीची उंच इमारत होती. चित्रपटांना भाड्याने पोशाख पुरवणे हाच त्या कंपनीचा व्यवसाय. तिच्या गच्चीवर लोखंडी सांगाड्याचा देखावा उभारून कॅमेरा अशा कोनातून लावला गेला, की पाठीमागे आणि खाली खरेखुरे शहर, खऱ्या मोटारी आणि खरी माणसे दिसावीत. पोशाखांच्या घोटाळ्यावरचा चित्रपट पोशाखांच्याच कंपनीच्या छपरावर पुरा व्हावा, हा योग मला फार आवडतो. तुळयांच्या खाली सुरक्षेसाठी फळ्यांचा मंच आणि जाळे होते. लॉरेल उंचीला घाबरत असल्याने त्याला धीर द्यावा म्हणून हार्डीने मंचावर उडी मारून दाखवली आणि फळ्या मोडून तो खालच्या जाळ्यात पडला, अशी हकीकत सांगितली जाते. ती शब्दशः तशीच घडली असो वा नसो, पडद्यावर लॉरेलच्या पायांना सुटलेला कंप मला तरी निव्वळ अभिनयाचा वाटत नाही.

चित्रपटाचे दिग्दर्शक होते लिओ मॅक्केरी. लॉरेल आणि हार्डी यांची जोडी म्हणून घडण करण्यात त्यांचा वाटा मोठा मानला जातो, आणि पुढे १९३७ च्या ‘द ऑफुल ट्रूथ’साठी त्यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. छायाचित्रणकार जॉर्ज स्टीव्हन्स हेही पुढे ‘शेन’ आणि ‘जायंट’ यांचे दिग्दर्शक म्हणून नावाजले गेले. निर्मिती हॅल रोच यांची. अभ्यासकांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पँट बदलण्याची ही दृश्ये आधी याच जोडीच्या ‘वी फॉ डाउन’ या लघुपटासाठी घेतली होती, परंतु तिथे ती मावली नाहीत, म्हणून बाजूला काढून त्यांच्यासाठी ‘लिबर्टी’ची गोष्ट जुळवली गेली. म्हणजे ज्या भागाला आज आपण कात्री लावतो, त्या भागासाठीच हा चित्रपट जन्माला आला. इमारत नंतर आली.

वेशावरचा विनोद आपल्या रंगभूमीला नवा नाही. ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आँट’वरून आचार्य अत्रे यांनी बेतलेल्या ‘मोरूची मावशी’ने कितीतरी पिढ्यांना हसवले. त्या परंपरेत नायक जाणूनबुजून दुसऱ्याचा वेष घेतो आणि सोंग उघडे पडेल की काय, या धास्तीवर प्रसंग रंगतो. त्याआधी आपल्या मूकपटांत पुरुषांनी स्त्रियांची वस्त्रे नेसली ती हसवण्यासाठी नव्हे, तर स्त्रिया पडद्यावर यायला तयार नसल्याने. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या आणि प्रेक्षकांनी त्या भक्तिभावाने पाहिल्या. ‘लिबर्टी’तील घोटाळा या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. इथे कोणीही सोंग आणलेले नाही, उलट दोघेही जीव तोडून स्वतःच्या कपड्यांत परतू पाहत आहेत. या फरकावर आपल्या पुरवणीत कोणी जाणकार सविस्तर लिहील तर वाचकांचे भले होईल.

लघुपटाला ‘फुटकळ’ समजण्याची सवयही आपण सोडायला हवी. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेव्हा त्या खेळाच्या जाहिरातीत मुख्य चित्राबरोबर नृत्य, कसरत आणि विनोदी करमणूक यांचीही नावे होती. खेळ म्हणजे हे सगळे मिळून, असाच तेव्हाचा हिशेब होता आणि अमेरिकेतही तो वेगळा नव्हता. दोन रिळांचा, वीसेक मिनिटांचा विनोदी चित्रपट मोठ्या चित्राच्या आधी लागे, तोही त्याच पडद्यावर आणि त्याच गर्दीपुढे. ‘लिबर्टी’ २६ जानेवारी १९२९ रोजी मेट्रो-गोल्डविन-मेयरमार्फत प्रदर्शित झाला. बोलपटांची चाहूल लागलेली असल्याने त्याच्यासोबत संगीत आणि ध्वनिपरिणाम मुद्रित करून दिले होते. पात्रे बोलत नाहीत, पण प्रसंगांना सुरांची साथ आहे. याच जोडीचा पहिला बोलपट त्यानंतर काही महिन्यांतच, मे १९२९ मध्ये आला. मुद्रित संगीताशी जुळायचे म्हणून या चित्रपटाची गती सेकंदाला २४ चौकटी अशी बांधलेली आहे. मोबाइलवरच्या तुकड्यांत ती मनमानीपणे वाढवलेली असते आणि वर भलतेच ढोल वाजत असतात. ऑलीच्या कॅमेऱ्याकडे पाहण्याला जो अवकाश हवा तो त्या घिसाडघाईत चिरडून जातो.

आणि आपल्याकडे तर या बाबतीत अधिकच जपायला हवे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले आणि त्यांतले आज तीसही धडपणे हाती उरलेले नाहीत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांची रिळे शोधून जमवली, म्हणून निदान एवढे तरी पाहायला मिळते. पुढे २००३ च्या आगीत संग्रहालयाची नायट्रेट रिळे, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची रिळे, जळाली. आपल्या किती विनोदी मूकपटांत असा एखादा खेकडा आधी पेरून ठेवलेला असेल, हे आता कोणालाच पाहता येणार नाही. नशिबाने जो चित्रपट संपूर्ण शिल्लक आहे त्याचा अर्धा भाग आपणच आपल्या हाताने गाळावा, याचे मला अतोनात वाईट वाटते.

आयोजकांची एक अडचण मला ठाऊक आहे. हक्कांचे काय, असा प्रश्न नेहमी निघतो आणि मग कोणी तरी इंटरनेटवरचा तुकडा लावून वेळ मारून नेतो. वास्तविक अमेरिकेत १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रपटांवरचे स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२५ रोजी संपले आहेत, आणि भारतीय कायद्यात चित्रपटाचे संरक्षण प्रसिद्धीनंतर ६० वर्षांपर्यंत असते. मूळ चित्रपट दाखवायला आज कोणाची आडकाठी राहिलेली नाही. एखाद्या संस्थेने अलीकडे त्याला नवे संगीत जोडले असेल तर त्या संगीताचे हक्क वेगळे असू शकतात, एवढी मात्र चौकशी करावी. वेळेची सबब तर टिकणारीच नाही. वीस मिनिटांत मावणारा चित्रपट वेळेअभावी कापायचा आणि प्रास्ताविक व सत्कारात अर्धा तास घालवायचा, हे थांबले पाहिजे.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत राज्यातील चित्रपट मंडळे, शाळा, ग्रंथालये आणि विशेषतः मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्या संस्था यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘लिबर्टी’ लावायचा तर वॉशिंग्टनच्या दर्शनापासून शेवटच्या लिफ्टपर्यंत सलग लावा, मूळ गतीने लावा, त्याचे स्वतःचे संगीत असलेली प्रत मिळवा, आणि शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर, भरल्या सभागृहात लावा. मुलांना आधी गोष्ट सांगून टाकू नका आणि चित्रपट चालू असताना मध्ये बोलून खेकड्याकडे त्यांचे लक्षही वेधू नका. त्यांना तो दिसतो. आपणही पुरवणीत या चित्रपटाचा संपूर्ण परिचय एकदा छापावा, आणि त्यासोबत छायाचित्र द्यायचे झाले तर तुळयांवरचे नेहमीचे न देता टॅक्सीच्या दारातील द्यावे, अशी विनंती करून हे पत्र पुरे करतो.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
सातारा